निमित्ताची भेट : प्रेमिकांच्या भेटीचा प्रसंग – मराठी रंगभूमी ते मुंबईचा मध्यमवर्गीय चित्रपट (१८८० ते १९७६)

सारांश :

नायक-नायिकेच्या पहिल्या भेटींचा प्रसंग हा नाटक व चित्रपट या दोन्ही कलाप्रकारांचा जुना व हमखास घटक होय. मात्र असा प्रत्येक प्रसंग प्रेक्षकास खरा वाटतोच असे नाही, आणि खरा वाटला तरी त्यातील पात्रांविषयी जिव्हाळा निर्माण होतोच असेही नाही. प्रस्तुत शोधनिबंधात १८८० ते १९७६ या कालखंडातील निवडक मराठी नाटके, मराठी चित्रपट आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनावरील हिंदी चित्रपट यांच्या आधारे या प्रसंगाच्या बदलत्या स्वरूपाचा मागोवा घेतला आहे. भेटीस लागणारे 'निमित्त' आणि ते निमित्त अपुरे पडल्यावर उघडे होणारे पात्राचे मन, या दोन गोष्टींवर या प्रसंगाची विश्वसनीयता व पात्राची प्रियता अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भेटीचा प्रसंग, निमित्त, शृंगार, संगीत नाटक, मध्यमवर्गीय चित्रपट, विश्वसनीयता.

प्रस्तावना :

ज्याला आजची तरुण पिढी सर्रास 'डेट' असे म्हणते, त्या गोष्टीस मराठीत दीर्घकाळ स्वतंत्र नाव नव्हते. 'भेट' हा शब्द होता, 'चोरून भेटणे' हा वाक्प्रयोग होता. परंतु परस्परांची ओळख करून घेण्याच्या उघड हेतूने दोन तरुण व्यक्तींनी ठरवून एकत्र वेळ घालवणे, ही समाजमान्य प्रथा नव्हती. विवाह घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचा आणि वधूवरांनी अंतरपाट दूर झाल्यावर एकमेकांकडे पाहावयाचे, ही एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा समाजातील सर्वसाधारण रीत होती. अशा समाजात नाटककारांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. ज्या भेटीला प्रत्यक्ष जीवनात जागा नाही, ती रंगमंचावर खरी कशी वाटावी?

या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास हा केवळ लेखनतंत्राचा इतिहास नाही. जोडीदार निवडण्याचा अधिकार कोणाचा, स्त्रीला आपले मन बोलून दाखवण्याची मुभा किती, आणि सामान्य उत्पन्नाच्या माणसाला एकांत मिळतो की नाही, या सामाजिक प्रश्नांशी तो निगडित आहे. म्हणूनच भेटीच्या प्रसंगाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणे उपयुक्त ठरते.

१. संस्कृत परंपरेचा वारसा : भुंगा, दर्भ आणि वल्कल

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाच्या परंपरेस प्रारंभ झाला. कालिदासाच्या मूळ नाटकातील पहिल्या भेटीची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दुष्यंत झाडाआडून शकुंतला व तिच्या सख्यांना पाहतो आहे. पण पुढे येण्यास त्याला कारण नाही. ते कारण एक भुंगा पुरवतो. भुंग्याने त्रस्त झालेल्या शकुंतलेच्या रक्षणाचे निमित्त करून राजा प्रकट होतो. पुढे निरोप घेताना शकुंतला पायात दर्भ रुतल्याचे आणि वल्कल फांदीला अडकल्याचे निमित्त करते, थांबते आणि मागे वळून पाहते.

येथे दोघांपैकी कोणीही 'तुला भेटावयाचे होते' असे म्हणत नाही. दोघांनाही सबब लागते, आणि ती सबब खोटी आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते. शकुंतला प्रिय वाटते ती तिच्या वर्णित सौंदर्यामुळे जितकी, त्याहून अधिक या लहानशा लबाडीमुळे. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तपोवन हा उद्दीपन विभाव आणि लज्जा हा व्यभिचारी भाव होय. परंतु भावाला वाट करून देणारी सामान्य वस्तू – भुंगा, दर्भ, वल्कल – हीच प्रसंगाला खरेपणा आणते. मराठी रंगभूमीला मिळालेला हा वारसा मोलाचा ठरला.

२. संगीत नाटकातील भेट : वेषांतराचे निमित्त

१८८२ साली रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्र'मध्ये किर्लोस्करांनी पौराणिक कथेला घरगुती वळण दिले. बलरामाला सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी व्हावा असे वाटते. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे. अर्जुन यतीच्या वेषात बलरामाच्या घरी राहतो आणि त्या अतिथीची सेवा सुभद्रेकडे येते. घरातील उपवर मुलीने परक्या तरुणाशी बोलणे निषिद्ध. साधूशी बोलणे मात्र पुण्याचे. नाटककाराने समाजाच्या नियमातूनच पळवाट काढली. सुभद्रा ज्याच्यासाठी झुरते आहे तो समोरच बसला आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आणि तिला ठाऊक नाही, या विसंगतीतून हास्य व करुणा एकाच वेळी निर्माण होतात. वडील भावाने परस्पर ठरवलेल्या लग्नाने व्याकूळ झालेली बहीण १८८२ सालच्या प्रेक्षकाला पुराणातील नव्हे, शेजारच्या घरातील वाटली असल्यास नवल नाही.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' (१८९९) नाटकात पुराणाचा आधारही उरला नाही. पैशासाठी मुलीचे लग्न वृद्धाशी लावून देण्याच्या प्रथेवर हे नाटक आघात करते. शारदा आणि कोदंड यांना शृंगाराच्या रूढ अर्थाने भेटीचा प्रसंगच जवळजवळ नाही. त्यांना एकत्र आणते ते संकट. प्रेमालाप नसतानाही कोदंड प्रेक्षकास प्रिय होतो, कारण तो शारदेच्या बाजूने बोलतो, आणि तसे बोलण्याची किंमत मोजण्यास तयार असतो. नायकाविषयीची आपुलकी ही त्याच्या प्रेमाच्या शब्दांवर नव्हे, तर समोरच्या व्यक्तीच्या अडचणीकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीवर उभी राहते, हा धडा 'शारदा'ने दिला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' (१९११) नाटकात वेषांतराचे निमित्त नायिकेकडे आले. श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराचा अपमान करणारी भामिनी पुढे वनमाला या साध्या मुलीच्या रूपात त्याच्या सहवासात येते आणि त्याचा खरा स्वभाव ओळखते. येथे भेट म्हणजे केवळ ओढ नव्हे, तर परीक्षा आहे. आणि परीक्षा घेणारी स्त्री आहे. भामिनी प्रिय होते ती तिच्या मताला मुरड पडते त्या क्षणी. पहिल्याच भेटीत दोघेही निर्दोष आणि एकमेकांना अनुरूप असते, तर प्रेक्षकाला पाहावयास काही शिल्लक राहिले नसते.

या काळाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. भामिनीची भूमिका बालगंधर्व करीत होते. पुरुषाने स्त्री होणे आणि त्या स्त्रीने पुन्हा दुसरी स्त्री होणे, असा दुहेरी वेष त्यात होता. स्त्रीपुरुषांनी रंगमंचावर जवळ येण्यातील अवघडलेपण या संकेतामुळे टळले, पण त्याबरोबर त्या अवघडलेपणातून येणारे सत्यही बाजूस राहिले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने सादर केलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्री-भूमिका स्त्रियांनी केल्या. श्री. वि. वर्तक यांनी नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ते रचले होते. पुरुषाच्या विवाहपूर्व वर्तनाबद्दल जाब विचारणारी नायिका त्यात होती, आणि तो प्रश्न आता प्रत्यक्ष स्त्रीच्या आवाजात विचारला जात होता. भेटीतील संवादाचे वजन यामुळे बदलले.

३. बोलपटातील भेट : संकोच आणि विडंबन

बोलपट आल्यावर कॅमेरा पात्रांच्या चेहऱ्याजवळ गेला. नाट्यपदांतून व्यक्त होणारा भाव आता नजरेतून व्यक्त होऊ लागला. या माध्यमाचा विनोदाच्या अंगाने उपयोग मास्टर विनायक दिग्दर्शित व प्र. के. अत्रे लिखित 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटाने केला. ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलेला औदुंबर आणि त्याच्या निग्रहाची परीक्षा पाहणारी किशोरी, ही जोडी. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात सादर केलेल्या गाण्याने त्या काळी मोठी खळबळ उडाली. परंतु प्रसंग लक्षात राहतो तो केवळ त्या पोशाखामुळे नव्हे. निश्चयाचा डोंगर रचणारा तरुण एका मुलीच्या साध्या उपस्थितीने गडबडून जातो, ही मानवी उणीव औदुंबराला हास्यास्पद करते आणि त्याच वेळी आपलासाही करते.

व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' (१९३९) या प्रभात चित्रात या प्रश्नाचा अधिक गंभीर विचार आढळतो. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतील मैना यांच्या नात्याची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. पोलिसांच्या धाडीच्या वेळी गणपत मैनेला वाचवतो आणि तेथून दोघांची ओळख सुरू होते. शिपायाच्या गणवेशातील माणसाला या स्त्रीसोबत दिसण्याची चोरी, आणि या स्त्रीला चांगुलपणावर विश्वास ठेवण्याची भीती. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक भेटीवर भोवतालच्या जगाची छाया आहे. याच चित्रपटात बागेत चाललेल्या एका चित्रीकरणाचा प्रसंग असून त्यात तत्कालीन 'बॉम्बे टॉकीज'च्या धर्तीच्या गोड प्रेमदृश्याचे विडंबन केले आहे. या दोन प्रकारच्या दृश्यांना शेजारी शेजारी ठेवून शांतारामांनी जणू एक समीक्षाच केली. सजवलेल्या प्रेमदृश्यात अडचण काहीच नाही. म्हणून त्यात धोकाही नाही आणि ओढही नाही. गणपत-मैनेपुढे अडचणींखेरीज काही नाही. म्हणून त्यांचा एक साधा हास्यविनोदही प्रेक्षकाच्या मनात घर करतो.

४. महानगर आणि एकांताचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर मुंबईत भेटीच्या प्रसंगाला नवे परिमाण लाभले. शिक्षण आणि नोकरी यांमुळे स्त्री-पुरुष रोज एकाच रस्त्यावर, एकाच बसमध्ये, एकाच कार्यालयात येऊ लागले. भेटीस पूर्वीसारखे वेषांतर नको होते; मात्र जागेची टंचाई ही नवी अडचण उभी राहिली. राजा ठाकूर दिग्दर्शित 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटाचा सारा डोलारा याच एका वस्तुस्थितीवर उभा आहे. लग्न झालेले आहे, घरच्यांची संमती आहे, तरी भरल्या घरात नवदांपत्याला दोन शब्द बोलावयास कोपरा नाही. पतिपत्नीलाच एकमेकांना चोरून भेटावे लागते. या कथेवर बासू चटर्जी यांनी १९७२ साली 'पिया का घर' हा हिंदी चित्रपट केला. मराठी चाळीतील अनुभव अशा रीतीने हिंदी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

बासू चटर्जी हे दीर्घकाळ 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. मोजक्या रेषांत माणसाची लकब पकडण्याची ती सवय त्यांच्या चित्रपटांतही जाणवते. मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर आधारलेला त्यांचा 'रजनीगंधा' (१९७४) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दिल्लीतील संजय नेहमी उशिरा येतो, कार्यालयातील राजकारणाविषयी बोलत राहतो, पण निशिगंधाची फुले घेऊन येतो. मुंबईतील नवीन वेळेवर येतो, दीपाच्या कामासाठी धावपळ करतो, पण मनातले बोलत नाही. टॅक्सीतील प्रसिद्ध प्रसंगात दीपा आणि नवीन यांच्यात संवाद जवळजवळ नाही. पार्श्वभूमीवर गीत आहे आणि दोघांमध्ये न बोललेले बरेच काही आहे. दोन पुरुषांपैकी एकही खलपुरुष नाही. म्हणूनच दीपाची द्विधा प्रेक्षकाला स्वतःची वाटते, आणि निवडीचा अधिकार तिच्याकडे असल्याची जाणीव अखेरपर्यंत टिकते. रूढ मारामारी व नाट्यमय योगायोग नसलेल्या या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, ही बाब प्रेक्षकांच्या बदलत्या अभिरुचीची निदर्शक मानता येईल.

५. 'छोटी सी बात' : बसथांब्यावरील नायक

'छोटी सी बात' (१९७६) या चित्रपटात भेटीचा प्रसंग हाच कथेचा विषय बनला. त्याची चौकट 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' (१९६०) या ब्रिटिश चित्रपटावरून घेतलेली आहे. तपशील मात्र मुंबईचा आहे. कार्यालयात नोकरी करणारा अरुण रोज बसथांब्यावर प्रभाला पाहतो, तिच्या मागोमाग चालतो, आणि तिने वळून पाहिले की नजर फिरवतो. बसची रांग हे येथील निमित्त. रांगेत उभे राहण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणी हेतूही विचारत नाही. भुंगा आणि यतीचा वेष यांचे काम आता शहराच्या सार्वजनिक वाहतुकीने केले.

पटकथेचे कौशल्य असे की, अरुणाच्या प्रत्येक भेटीत काहीतरी उणे पडते. तो प्रभाला जेवावयास नेतो, तर तेथे नागेश येऊन टपकतो आणि संभाषणाचा ताबा घेतो. यजमान असलेला अरुण स्वतःच्याच टेबलावर पाहुणा होतो. नागेशच्या स्कूटरला उत्तर म्हणून तो जुनी मोटारसायकल विकत घेतो, तर ती ऐन वेळी दगा देते. या फजितींत पैसा, वेळ आणि धीटपणा या तिन्ही गोष्टींची निम्न-मध्यमवर्गीय टंचाई दिसते. जहांगीर कलादालनातील 'समोवार' या उपाहारगृहाचे या चित्रपटात झालेले चित्रण आज दस्तऐवजासारखे मोलाचे ठरले आहे. कारण १९६४ साली सुरू झालेले हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाले. एका चहावर बराच वेळ बसता येईल अशा जागा शहरात होत्या, म्हणून असे प्रसंग घडू शकत होते आणि म्हणूनच ते लिहिता येत होते.

याच चित्रपटात अरुण चित्रपटगृहात बसून पडद्यावरील धर्मेंद्र-हेमामालिनी यांच्या जागी स्वतःला व प्रभाला पाहतो. 'माणूस'मधील विडंबनाशी या प्रसंगाचे नाते स्पष्ट आहे. मात्र येथे उपहास नाही. स्वप्नातील प्रेमदृश्य आणि बसथांब्यावरील वास्तव यांतील अंतर हेच अरुणाविषयीच्या जिव्हाळ्याचे कारण होय. मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आलेल्या अमोल पालेकर यांचा संयत अभिनय आणि विद्या सिन्हा यांचा वावरातील साधेपणा यांमुळे हे अंतर कृत्रिम वाटत नाही.

उत्तरार्धात अरुण खंडाळ्यास कर्नलकडे जाऊन डावपेच शिकतो आणि परतल्यावर नागेशला टेबल टेनिसपासून बुद्धिबळापर्यंत नामोहरम करतो. हा भाग रंजक आहे. परंतु चाणाक्ष झालेला अरुण पूर्वीइतका प्रिय वाटतो का, असा प्रश्न विचारला पाहिजे. जिंकण्यासाठी खेळलेली भेट आणि जाणून घेण्यासाठी झालेली भेट यांत फरक आहे. पहिलीत प्रेक्षक टाळ्या देतो. दुसरीत तो श्वास रोखून बसतो. या चित्रपटासाठी बासू चटर्जी यांना सर्वोत्कृष्ट पटकथेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

६. आजच्या दृष्टीने पुनर्विचार

या परंपरेतील एका बाबीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. झाडाआडून पाहणारा दुष्यंत, वेष बदलून घरात राहणारा अर्जुन आणि प्रभाच्या मागे चालणारा अरुण, या तिघांच्याही वर्तनात दुसऱ्या व्यक्तीच्या नकळत तिच्याजवळ जाणे आहे. इच्छेविरुद्ध स्त्रीचा वारंवार पाठलाग करणे हा २०१३ सालच्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड अन्वये गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये ही तरतूद आहे. पाठलागालाच प्रेम मानणाऱ्या अनेक लोकप्रिय चित्रपटांनी तरुण प्रेक्षकांच्या कल्पनेवर केलेला परिणाम लक्षात घेता, हा मुद्दा अभ्यासकांनी टाळू नये.

तथापि अरुण आणि तसे नायक यांत एक भेद आहे. प्रभाला त्याचे मन कळलेले आहे आणि ते तिला नकोसे नाही, हे प्रेक्षकाला तिच्या चेहऱ्यावरून वेळोवेळी दाखवले जाते. तिने कपाळाला आठी घातली असती, तर अरुण पुढे सरकला नसता, अशी खात्री त्याचा संकोच देतो. म्हणजेच नायकाचा संकोच ही केवळ विनोदाची सामग्री नसून, समोरच्या व्यक्तीच्या नकाराला मान देण्याची ती खूण आहे. ही खूण काढून टाकली, तर तोच प्रसंग भीतिदायक होईल. नायिकेची प्रतिक्रिया न दाखवता लिहिलेले भेटीचे दृश्य अर्धे असते आणि बऱ्याचदा असत्यही असते.

निष्कर्ष :

१. भेटीच्या प्रसंगातील निमित्त हे त्या त्या काळातील समाजनियमांतून घडते. वेषांतरापासून बसच्या रांगेपर्यंतचा प्रवास म्हणजे स्त्रियांच्या सार्वजनिक वावराच्या विस्ताराचा आलेख होय.

२. प्रसंग विश्वसनीय होतो तो अडचणींच्या नेमकेपणामुळे. जागा, वेळ, पैसा आणि तिसरी व्यक्ती यांचा दाब नसलेले प्रेमदृश्य सुंदर असू शकते, पण खरे वाटत नाही.

३. पात्र प्रिय होते ते निमित्त अपुरे पडते त्या क्षणी. शकुंतलेचे अडकलेले वल्कल, भामिनीचा गळून पडलेला ताठा, औदुंबराची उडालेली त्रेधा आणि अरुणाची फिरवलेली नजर, या सर्वांत पात्राचा बेत फसतो आणि मन दिसते.

४. दोन्ही पात्रांना इच्छा आणि नकाराचा अधिकार असणे ही नैतिक अट आहेच. शिवाय ती नाट्यमयतेचीही अट आहे. ज्या भेटीचे उत्तर आधीच ठरलेले आहे, तीत पाहण्याजोगे काही उरत नाही.

महाविद्यालयांतील नाट्य, साहित्य व माध्यम अभ्यासक्रमांत शृंगाराची चर्चा मुख्यतः रससिद्धान्ताच्या अंगाने होते. ती आवश्यक आहेच. तिच्या जोडीला पात्रे कोठे भेटली, तेथवर कशी आली, खिशात किती पैसे होते आणि घरी काय सांगून निघाली, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास लावले, तर कलाकृती आणि समाजेतिहास यांचे परस्परसंबंध त्यांच्या अधिक सहजपणे ध्यानात येतील.